मुंबईचे घर आणि महागावचे शेत

(महागाव, जि. यवतमाळ येथे बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आज आपणांपुढे जो विषय मी मांडणार आहे, तो वरवर पाहता केवळ पैशाचा वाटेल. आपल्या मुलामुलींना मुंबईसारख्या महागड्या शहरात पहिले घर घेणे परवडते काय, असा तो प्रश्न आहे. मी बँकेच्या कर्जविभागात तीस वर्षे काढली. म्हणून आपल्यापैकी पुष्कळजण मला एकांतात गाठून विचारतात, "मुलगा पनवेलला फ्लॅट पाहून आला आहे, तीन एकर काढून टाकावे काय?" या एकाच प्रश्नाचे उत्तर मी आज सर्वांसमक्ष देऊ इच्छितो. कारण ते 'तीन एकर' प्रत्येकाचे निराळे असले तरी प्रश्न एकच आहे.

प्रथम एक गोष्ट मनातून काढून टाका. शहरात घर नसणे ही लाज नव्हे. आपल्या आधीची पिढी मुंबईस गेली तेव्हा तिने घर विकत घेतले नाही. तिने खोली भाड्याने घेतली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी या चार ठिकाणी २०७ चाळी बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्या खोल्यांतून गिरणीकामगारांची व पालिकेच्या सफाई कामगारांची कुटुंबे राहिली, मुले शिकली, चळवळी उभ्या राहिल्या. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत अनेक वर्षे राहिले. दादरचे 'राजगृह' उभे राहिले ते १९३० नंतरच्या दशकात, म्हणजे ते परदेशी पदव्या घेऊन बॅरिस्टर झाल्यानंतर कित्येक वर्षांनी. तोवर ते भाडेकरूच होते.

परंतु भाड्याने राहणे आणि भाड्यानेही कोणी न ठेवणे यांत फार अंतर आहे. बडोदे संस्थानात नोकरीस गेलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून कसे बाहेर पडावे लागले, ही हकीकत आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक आहे. तेव्हा त्यांच्या हाती पदवी होती, पगार होता, हुद्दा होता. नव्हते ते फक्त छप्पर. मी स्वतः नोकरीच्या आरंभी पुण्यात खोली शोधीत हिंडलो. घरमालकाने भाडे ठरविले, अनामत रक्कम ठरविली, आणि शेवटी आडनाव विचारले. आडनाव ऐकल्यावर त्यांच्या पुतण्याचे लग्न अचानक ठरले आणि खोली त्याला द्यावी लागणार, असे निघाले. त्या आठवड्यात अशी तीन लग्ने ठरली. आज हे हसत सांगतो. तेव्हा हसू येत नव्हते. 'स्वतःचे घर' या शब्दाला आपल्या माणसाच्या मनात जी धार आहे, ती येथून आली आहे. ज्याचे आडनाव कोणी विचारीत नाही, त्याला ती समजणार नाही. आणि घर विकणारा दलालही नेमकी हीच धार ओळखून बोलतो, हे विसरू नका.

आता हिशेबाकडे वळू. आपल्या महागावचा एक मुलगा आहे असे समजा. मुंबईच्या बाहेर, रेल्वेच्या शेवटच्या काही स्थानकांपैकी एकाजवळ चाळीस लाखांचे एक घर त्याने पाहिले आहे. त्याचा पगार पस्तीस हजार, त्याच्या पत्नीचा वीस हजार. बँक चाळीस लाख देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरील कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. म्हणजे बँक देणार बत्तीस लाख. आठ लाख त्याचे. ठाणे-कल्याणच्या बाजूला मुद्रांकशुल्क व त्यावरील अधिभार मिळून ७ टक्के, ते झाले दोन लाख ऐंशी हजार. नोंदणीचे तीस हजार. घर बांधकामावस्थेत असेल तर वस्तू व सेवा कर, तो परवडणाऱ्या घरांच्या वर्गात १ टक्का, म्हणजे चाळीस हजार. एकूण साडेअकरा लाख रुपये हे किल्ली हातात येण्यापूर्वी, स्वतःच्या खिशातून. दलालाची दलाली, पंखे, दिवे, स्वयंपाकाचा ओटा हे मी धरलेलेच नाही.

मग हप्ता. ९ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीत एक लाखाला महिना सुमारे नऊशे रुपये बसतात. हा आकडा पाठ करून ठेवा. कोणत्याही दलालाच्या कोष्टकापेक्षा तो उपयोगी आहे. बत्तीस लाखांचा हप्ता झाला अठ्ठावीस हजार आठशे. वीस वर्षांत फेड होते एकोणसत्तर लाखांची. पतिपत्नीच्या पंचावन्न हजारांतून हा हप्ता गेला की सव्वीस हजार उरतात. त्यांत घरखर्च, रेल्वेचा पास, सोसायटीची वर्गणी, मुलाची शाळा आणि महागावला आईच्या औषधाला पाठवायचे पैसे. मूल झाल्यावर सुनेची नोकरी वर्षभर जरी सुटली, तरी हप्त्यानंतर हाती राहतात सहा हजार. एकट्या पस्तीस हजारांवर, हप्ता पगाराच्या चाळीस टक्क्यांत ठेवायचा म्हटले, तर कर्ज साडेपंधरा लाखांपलीकडे जात नाही; आणि तेवढ्यात मुंबईच्या हद्दीत स्वच्छ कागदांचे घर मिळत नाही.

हे केवळ आपल्याच घरी आहे असे नव्हे. नाइट फ्रँक या संस्थेने २०२४ साली काढलेल्या निर्देशांकात पुण्याच्या सरासरी कुटुंबाला घराच्या हप्त्यासाठी उत्पन्नाचे २३ टक्के, तर मुंबईच्या कुटुंबाला ५० टक्के द्यावे लागतात, असे आढळले. ज्याचा बाप मुंबईत घर ठेवून गेला, तोही या सरासरीत आहे. आपला मुलगा त्या सरासरीच्याही खाली उभा आहे.

आता मी मुख्य मुद्द्यावर येतो. हप्ता जड आहे, हे सर्वांना दिसते. परंतु माझ्या मते आपल्या लोकांची खरी अडचण हप्त्याची नाही, पहिल्या साडेअकरा लाखांची आहे. बँकेत अर्ज येतात तेव्हा आम्ही विचारतो, "स्वतःचा वाटा कोठून आणणार?" एक अर्जदार सांगतो, वडिलांनी दिले. दुसरा सांगतो, आजोबांचा जुना फ्लॅट विकला. तिसरा सांगतो, सासऱ्यांनी मदत केली. आपला मुलगा सांगतो, गावचे शेत विकले. पगार सर्वांचा सारखा, हप्ता सर्वांचा सारखा. परंतु पहिल्या तिघांच्या मागे एक घर आधीपासून आहे आणि ते तसेच राहते, तर चौथ्याच्या मागे जे एकच होते तेच जाते. घर परवडते की नाही हे पगाराच्या पावतीवरून ठरत नाही. आजोबांनी काय ठेवले यावरून ठरते. आणि आपल्या आजोबांना काही ठेवू दिले नव्हते.

आपल्याकडे जमीन आली ती तरी कशी? पुष्कळांकडे ती वंशपरंपरेने आलेली नाही. भूमिहीनांना जमीन द्या, या मागणीसाठी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली सत्याग्रह झाला, १९६४-६५ मध्ये तो देशभर झाला, आणि हजारो स्त्रीपुरुषांनी तुरुंगवास सोसला. २००४ पासून त्यांच्याच नावाच्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्धांतील भूमिहीनांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलीत जमीन देण्याची तरतूद झाली. जमिनीच्या प्रत्येक एकरामागे कोणीतरी उपास काढलेले आहेत. ती भावनेने जपा असे मी म्हणत नाही. मी हिशेब सांगतो. कापूस आणि सोयाबीन तुम्हाला श्रीमंत करीत नाहीत, हे मान्य आहे. पाऊस रुसला की खर्चही निघत नाही. पण शेतावर हप्ता नाही. मुलाची नोकरी गेली तर बँक फ्लॅटचा ताबा घेऊ शकते. शेत गहाण नसेल तर तेथे परत येता येते.

येथे एक कायद्याची गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि पुष्कळांना ती दलाल सांगत नाहीत. आपला सातबारा काढून पाहा. त्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. तशी विकली तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. सबळीकरण योजनेतील जमीन तर हस्तांतरित करताच येत नाही. तरीही साध्या कागदावर सौदे होतात. घेणारा पैसे कमी देतो, कारण विक्री कच्ची आहे हे त्याला ठाऊक असते. आपण दोन्हीकडून मारले जातो.

आता शहराच्या बाजूचे कागद. पहिले घर घेणारा स्वस्त घराकडे जातो, आणि स्वस्त घर पुष्कळदा ज्या कारणाने स्वस्त असते, ते कारण त्याला शेवटी कळते. नालासोपारा पूर्वेस अग्रवाल नगरात ४१ इमारती सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी व कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी त्या पाडल्या गेल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. डोंबिवलीच्या बाजूला ६५ इमारतींना खोट्या बांधकाम परवान्यांच्या आधारे महारेराचे नोंदणीक्रमांक मिळाल्याचे उघडकीस आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तेथील कित्येकांनी बँकेचे कर्ज काढून घरे घेतली होती. म्हणजे 'बँकेने कर्ज दिले, अर्थी कागद चांगलेच असणार' हा समज सोडा. मी बँकेतलाच माणूस आहे, म्हणून सांगतो.

म्हणून काय करावे? स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला आणि महाराष्ट्रात महारेराचे काम मे २०१७ पासून सुरू झाले. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. किंमत चटईक्षेत्रावर सांगावी लागते. नोंदणीक्रमांक संकेतस्थळावर पाहाच. पण तेवढ्यावर न थांबता, बांधकामाचा परवाना महापालिकेच्या कार्यालयात जाऊन, त्यांच्या दप्तरात आहे की नाही ते विचारा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. झोपडपट्टी पुनर्वसनाची सदनिका 'नोटरी करून देतो' असे कोणी म्हटले तर तेथून उठून या. मुखत्यारपत्रावर किंवा नोटरीच्या कागदावर मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे स्पष्ट केले आहे.

सरकारी घरांविषयी थोडक्यात सांगतो. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी, नवबौद्ध धरून, ११ टक्के घरे राखीव असतात. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली दिल्या. तेव्हा मुलाचा जातीचा दाखला व अधिवासाचा दाखला आधीपासून काढून ठेवा, सोडतीची जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयाच्या दारात धावू नका. पण आशेचेही माप असू द्या. २०२४ च्या मुंबईच्या सोडतीत २०३० घरे होती आणि सुमारे १ लाख १३ हजार अर्ज आले. आणि सोडत लागली म्हणजे घर फुकट मिळाले, असे नव्हे. २०२३ मध्ये गोरेगावच्या पहाडी येथील अत्यल्प उत्पन्न गटाचे घर सुमारे साडेतीस लाखांचे होते, आणि त्या गटाची कमाल उत्पन्नमर्यादा वर्षाला सहा लाख, म्हणजे महिना पन्नास हजार. दहा टक्के स्वतःचे घातले तरी हप्ता पंचवीस हजारांच्या घरात. ज्याला 'अत्यल्प उत्पन्न' म्हणायचे त्याने अर्धे उत्पन्न हप्त्याला द्यायचे, हा हिशेब कोणी मांडला असेल त्याला मी एकदा भेटू इच्छितो.

नवी मुंबईचेही तेच झाले. सिडको १९७० साली स्थापन झाली तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक. मुंबईतील गर्दी खाडीपलीकडे न्यावी आणि सामान्य माणसाला तेथे घर मिळावे, ही त्यामागील कल्पना. जानेवारी २०२५ मध्ये त्याच सिडकोने जाहीर केलेल्या किमतींत तळोज्याचे लहान घर पंचवीस लाखांच्या आसपास, तर वाशीचे चौऱ्याहत्तर लाखांच्या आसपास होते. आपल्याकडे रमाई आवास योजनेत ग्रामीण भागात २६९ चौरस फुटांच्या घरकुलास एक लाख वीस हजारांच्या आसपास साहाय्य मिळते, ते अपुरे पडते म्हणून आपण तक्रार करतो, आणि ती रास्तही आहे. पण तेवढी रक्कम वाशीत एका चौरस मीटराला तरी पुरेल काय, याचा विचार करा.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून आहे. वार्षिक नऊ लाखांपर्यंत उत्पन्न, घराची किंमत पस्तीस लाखांपर्यंत आणि कर्ज पंचवीस लाखांपर्यंत असेल तर व्याजावर मिळून एक लाख ऐंशी हजारांपर्यंत अनुदान मिळते. अट अशी की, पती, पत्नी व अविवाहित मुले यांच्यापैकी कोणाच्याही नावे भारतात कोठेही पक्के घर नसावे. तेव्हा गावच्या घरकुलावर मुलाचे नाव चढविताना घाई करू नका.

मग उत्तर काय? शहराच्या मध्यभागी घर आपल्या पहिल्या पगारदार पिढीला परवडत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. शहराच्या कडेला ते परवडू शकते, पण दोन पगार असतील, कागद स्वच्छ असतील आणि पहिली रक्कम शेत न विकता उभी राहिली असेल तरच. ती कशी उभी राहील? ज्या घराचा हप्ता अठ्ठावीस हजार आठशे आहे, तसल्याच घराचे भाडे साधारणतः दहा हजारांच्या आसपास असते. मुलगा म्हणतो, भाडे म्हणजे पैसे पाण्यात. मी त्याला म्हणतो, तुझी हप्ता भरण्याची ताकद असेल तर आज भाड्याने राहा आणि उरलेले अठरा हजार दरमहा आवर्ती ठेवीत टाक. पाच वर्षांत व्याजासह साडेबारा लाखांच्या वर जमतात. तो म्हणेल, तोवर घरे महागतील. खरे आहे, वर्षाला चार टक्क्यांनी वाढली तरी तेच घर साडेअठ्ठेचाळीस लाखांपलीकडे जाईल, पहिली रक्कम तेरा-चौदा लाखांवर जाईल, आणि त्याला थोडे कमी पडेल. कर्जही वाढेल, तोवर दोघांचे पगार त्या प्रमाणात वाढले नाहीत तर आणखी दोन वर्षे थांबावे लागेल. पण पाच वर्षे अठरा हजार बाजूला काढता येतात की नाही, हे तरी त्याला कळून चुकेल. आणि ते जमले नाही, तर हप्ताही जमला नसता. फरक एवढाच की, हे समजण्यासाठी महागावचे शेत खर्ची पडलेले नसेल.

दुसरा मार्ग एकत्र येण्याचा आहे, आणि त्याकडे आपण दुर्लक्ष केले. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली नोंदली गेली. एका छोट्या ज्ञातीच्या कारकुनी करणाऱ्या लोकांनी एकत्र येऊन मुंबईत घरे उभारली. पुढे सरकारने मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना जमीन व साहाय्य देण्याची योजना काढली, पी.डब्ल्यू.आर. २१९ या क्रमांकाने ती ओळखली जाते. तीतून अनेक संस्था झाल्या. काही टिकल्या, काहींच्या सभासदांनी आपले वाटे बाहेरच्यांना देऊन टाकले. अशा संस्थेचे घर कोणी विकावयास काढले तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे काय, हे आधी पाहा. मात्र ज्ञातीपुरत्या संस्थांची दुसरी बाजूही आहे. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, उपविधीने सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवता येते, असे ठरविले. जे दार आपल्यासाठी उघडते, तेच दुसरीकडे आपल्यावर बंद होऊ शकते. तुमच्या मुलाला एखाद्या सोसायटीने सभासदत्व देण्यास टाळाटाळ केली, तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा आणि उपनिबंधकांकडे जा. तोंडी नकाराला पुरावा नसतो. माझ्या त्या तीन लग्नांनाही नव्हता.

भगिनींना एक गोष्ट सांगावयाची राहिली. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांकशुल्कात एक टक्का सवलत आहे. चाळीस लाखांच्या घरावर ती चाळीस हजारांची होते. स्त्रीला मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले; आपल्या घरात मात्र करारावर सुनेचे नाव घालताना अजून दोन रात्री चर्चा चालते. तिचा पगार कर्जाच्या अर्जात चालतो, तर नाव मालकीत का चालू नये?

माझे बोलणे येथेच संपवितो, कारण पुढील तास मी तुमच्या कागदांसाठी राखून ठेवला आहे. ज्यांनी सातबारा आणला आहे त्यांनी उजवीकडे बसावे. ज्यांच्या मुलांनी बिल्डरचा करार किंवा बँकेचे पत्र पाठविले आहे, त्यांनी डावीकडे. ज्यांनी विसार देऊन टाकला आहे, त्यांना मी प्रथम भेटेन.